गाडी थंड होईपर्यंत

सायलेन्सरच्या धंद्यात गिऱ्हाईक साधारण दोन तऱ्हेचं असतं. एकाला आपली गाडी अख्ख्या गावाला ऐकू जायला हवी असते, आणि दुसऱ्याला शेजाऱ्यांनी तक्रार करू नये एवढंच हवं असतं. पहिल्याला मी बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवतो, दुसऱ्याला चहा पाजतो. टायरवाल्यांच्या गल्लीत, शेवटच्या वळणावर माझं दुकान आहे. गाडीखाली उतरून काम करायला एक खड्डा, एक लिफ्ट, पाइप वाकवायचं मशीन, आणि वेल्डिंग करणारा ठिणगी. त्याचं खरं नाव काय, ते आता त्याला तरी आठवतं की नाही, देव जाणे.

भूगोलाच्या बाई आल्या तेव्हा मी डबा उघडून जेवायच्या बेतात होतो. त्या खरोखरच शाळेत भूगोल शिकवतात. बाहीवर खडूची धूळ तशीच होती. गाडी मात्र त्यांची वाटेना. बसकी, दोन दारांची, जुनी टर्बोची गाडी. उन्हानं रंग उडालेला, पण चाकं लख्ख पुसलेली. आणि मागच्या बाजूला कोणीतरी सायलेन्सर म्हणून भलताच डबा तारेनं लटकवून ठेवला होता. पत्र्याच्या पिंपात खडे हलवल्यासारखा आवाज करत ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मफलर बदलायचाय, काका."

"मफलर गळ्यात घालतात, बाई. गाडीला सायलेन्सर असतो. आणि काका कोणाला म्हणता? माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान असाल. दादा म्हणा."

त्या हसल्या नाहीत. "दादा नाही म्हणायचं मला कोणाला," एवढंच म्हणाल्या.

माझा घास हातातच राहिला. गाडी त्यांच्या दादाची होती.

दादा छापखान्यात होता. सकाळपाळी करून दुपारी घरी जेवायला यायचा. गेल्या हिवाळ्यात मशीनपाशी उभ्या उभ्याच त्याचं हृदय बंद पडलं. गाडी छापखान्याच्या आवारात उभी होती, ती बाईंनी घरी आणली. घरात आई. वय झालेलं, डोळे काचबिंदूनं गेलेले. त्या दिवसांत आई अन्नाला शिवत नव्हती. पण दादाच्या वेळेला ती गाडी खिडकीखाली येऊन उभी राहिली, तशी आईनं ताट मागितलं. तेव्हापासून बाई शाळा सुटली की ती गाडी घेऊन घरी येत. आई जेवायची. ते चाललं होतं. मग सायलेन्सर गंजून वाटेतच गळून पडला, रस्त्यावरच्या कोणा कारागिरानं हा डबा टांगला, आणि आईचं जेवण सुटलं.

"त्यांना माहीत आहे ना, मुलगा..." मी विचारलं.

"मी सांगितलंय. शेजाऱ्यांनी सांगितलंय. ती हो म्हणते. आणि ताट पुढे केलं की तोंड फिरवते. संध्याकाळी दोन घोट दूध, बस. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि ती म्हणते, घालाच, उपटून फेकते की नाही बघा." बाईंनी बाहीनं डोळे पुसले, तर खडू डोळ्यात गेला. "मला फक्त तो आवाज हवाय, काका. पहिल्यासारखा."

मी जेवणाचा डबा झाकून ठेवला. असलं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं.

आवाज म्हणजे काय, तर इंजिनातून सुटलेल्या हवेचे धक्के. त्यात गूढ काही नाही, असं मी पंचवीस वर्षं पोरासोरांना सांगत आलो आहे. टर्बोच्या गाडीत त्यातला अर्धा आवाज धुराच्या जोरावर फिरणारं टर्बोचं चाकच खाऊन टाकतं. म्हणून अशा गाडीला मागे फार अडवणूक करायची नसते. रुंद पाइप, आरपार नळीचा डबा, भोवती काचेची लोकर. धूर मोकळा जातो, टर्बो लवकर जागा होतो. कप्पे-कप्प्यांचा डबा लावला तर आवाज गुबगुबीत होतो, पण गाडीचा दम कोंडतो. मूळ कंपनीचा डबा आता मिळत नाही. आणि दादानं त्यात स्वतःचं काय काय घातलं होतं, ते सांगायला दादा नव्हता.

बाईंच्या फोनमध्ये एक रेकॉर्डिंग निघालं. पण फोनमध्ये खर्ज येतच नाही. माशी गुणगुणावी तसं काहीतरी ऐकू आलं. म्हणजे तो आवाज धड ओळखणाऱ्या कानांची जगात एकच जोडी उरली होती, आणि ती खिडकीशी बसून होती.

"घरी पोचल्यावर लगेच बंद करता गाडी?" मी विचारलं.

"छे! थोडा वेळ चालू ठेवते. दादानं गाडी आणली त्याच दिवशी बजावलं होतं."

जुन्या टर्बोचं ते पथ्यच आहे. पळून आलेला टर्बो आत लाल झालेला असतो. खटकन बंद केला तर तेल जागच्या जागी करपतं. म्हणून घरापाशी आलं तरी गाडी तशीच धडधडत ठेवायची आणि ती थंड होईपर्यंत मुकाट बसून राहायचं. दादा रोज असा बसायचा. तेवढ्यात आत आई ताट वाढायची.

पहिल्या दिवशी मी आरपार डबा लावला. गाडी मीच चालवत नेली. बाई आधीच घरी जाऊन ताट घेऊन बसल्या होत्या. रस्त्याला लागूनच बैठं घर, ठेंगणी खिडकी, पडदा एका खिळ्याला अडकवलेला. आत खुर्ची, औषधांच्या बाटल्या मांडलेलं स्टूल, आणि खुर्चीत वाळून एवढीशी झालेली आई. मी खिडकीखाली गाडी लावली आणि इंजिन चालू ठेवून बसलो.

"कोणाची गं गाडी? पुढे घ्यायला सांग. डोकं उठलं," आतून आवाज आला. ताट तसंच परत गेलं.

दुसऱ्या खेपेला मी माझ्या तत्त्वाला मुरड घातली आणि कप्प्यांचा डबा लावला. आईंनी मान वर केली. कान खिडकीकडे केला. माझा जीव टांगणीला लागला होता. मग त्या म्हणाल्या, "गाडी त्याचीच. पण तिचा घसा बसलाय." आणि हात मांडीवर ठेवून दिला.

मी गाडी बंद करून आत गेलो. खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

"आई, मी सायलेन्सरवाला. कसा होता तो आवाज, तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड केलं. "कोपऱ्यावर वळताना गिळल्यासारखी करायची. इथे आली की खालच्या पट्टीत बोलत राहायची, पण शब्द मोकळे. आणि बंद होताना एक उसासा." मग म्हणाल्या, "जमेल का रे तुला?"

असं मला धंद्यात कोणी विचारलेलं मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

गिळणं म्हणजे वाटेत कुठेतरी बारीक गळ्याचा बंद डबा असणार. एक ठरावीक घरघर तो खाऊन टाकत असणार. मोकळे शब्द म्हणजे मागे आरपार नळीच. खालची पट्टी म्हणजे शेपटीचा पाइप लांब आणि जमिनीकडे वाकवलेला. उसासा काही केल्या कळेना. मी टेबलावर खुणा केल्या, पत्रा कापला, ठिणगीनं जोडला. असा मापाचा डबा करायचा असला की आम्ही जोडीनंच करतो. टेबलावर खुंट्या ठोकून साचा मांडण्यातच अर्धा दिवस जातो. एकदा मांडला की दुसरा डबा हातासरशी होतो. एक गाडीला, एक फळीवर. ठिणगीला ते सांगावंही लागत नाही.

डबा बसवला आणि नेहमीची परीक्षा घेतली. गाडी चालू करून शेपटीच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरायची. इंजिन ठीक असेल तर पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडत राहते. ती मधूनच आत ओढली गेली तर समजायचं, एखादा व्हॉल्व्ह जळाला आहे.

पट्टी फडफडली. मग हळूच आत ओढली गेली. तिथे राहिली. मग हळूच बाहेर आली.

"शेठ, व्हॉल्व्ह गेला," ठिणगी म्हणाला.

इंजिन एकसारखं, गुळगुळीत चाललं होतं. व्हॉल्व्ह गेलेलं इंजिन असं चालत नाही. पट्टी पुन्हा आत गेली, सावकाश. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी कागद धरला तर जाईल तशी. मी इंजिन बंद करून एकेक सिलिंडरचा दाब तपासला. सगळे ठणठणीत. पुन्हा चालू केलं, तर पट्टी शहाण्यासारखी बाहेर फडफडायला लागली. वाऱ्याचा झोत असेल, असं मी ठिणगीला सांगितलं. दुकानात त्या वेळी वारा नव्हता, हे त्यालाही दिसत होतं.

दुपारी गाडी घेऊन गेलो. कोपऱ्यावर वळताना आवाज खरंच गिळल्यासारखा झाला. खिडकीखाली थांबलो. आत बाई ताट धरून उभ्या होत्या, श्वास रोखून. आईंनी कान दिला आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला, की मी दुसरीकडे पाहिलं. परत पाहिलं तेव्हा त्या जेवत होत्या. घाईनं नाही, नीट, चावून. जेवणाऱ्या माणसाकडे बघून डोळ्यांत पाणी येण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मी किल्ली फिरवली. बंद होताना गाडीनं उसासा टाकला. कुठून आला, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाई आत तोंड धुवायला गेल्या, म्हणजे रडायला गेल्या. आईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"तुलाही वाटतं ना, म्हातारी भ्रमिष्ट झालीय?"

"नाही हो, आई."

"वाटतं. हिलाही वाटतं. अरे, माझा मुलगा गेला. डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली." त्या खालच्या आवाजात बोलत होत्या. "हिला वाटतं, आवाज माझ्यासाठी आहे. तो त्याच्यासाठी आहे. या आवाजाबरोबर येतो तो. दुसरा आवाज असला की त्याला घर सापडत नाही. मुलगा उपाशी बाहेर भटकतोय, आणि मी जेवू? कुठली आई जेवेल?"

त्यांनी रिकामं ताट बाजूला सारलं.

"हिला सांगू नकोस. घाबरेल उगाच."

मी नाही सांगितलं. म्हातारी माणसं दुःखाला कुठे ना कुठे जागा करून देतात, अशी मी माझी समजूत घातली, आणि ती मला पटलीही. आई जेवत होत्या, एवढं मला पुरे होतं. पुढे एकदा बाई तेल बदलायला आल्या तेव्हा हसत होत्या. म्हणाल्या, "काका, तिनं काल मला जेवणात मीठ जास्त झालं म्हणून झापलं." माझा जीव भांड्यात पडला.

मग दाताचे डॉक्टर आले. तिशीतले, हौशी. हौसेपोटी कुठूनतरी अगदी तसलीच जुनी टर्बोची गाडी उचललेली. म्हणाले, "मास्तर, मला गप्प हवी, पण मुकी नको." माझं लक्ष फळीकडे गेलं. जोडीतला दुसरा डबा धूळ खात पडला होता. मापात मिलिमीटरचा फरक नाही. सकाळी बसवला. डॉक्टर खूश होऊन दुपारच्या आत घेऊन गेले. जाताना मी थंड करण्याचं पथ्य सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला.

"काका, गाडीत काही झालंय का हो? काल आई जेवली नाही. आजही नाही."

मी हातातलं काम टाकून गेलो. गाडीखाली पाठीवर सरपटलो, एकेक जोड चाचपला. कुठे गळती नाही, भेग नाही. चालू केली. तोच आवाज. माझे कान काही नवशिके नाहीत.

खिडकीत आई बसल्या होत्या. त्यांचे ओठ सुकलेले दिसत होते.

"आई, आवाज तोच आहे. मी तपासलाय."

"आवाज तोच आहे रे," त्या म्हणाल्या. "तो नाही आला. काल दुपारपासून दुसरीकडेच जातोय."

"दुसरीकडे कुठे?" बाईंनी विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला होता. "आई, काय बोलतेस तू?"

आईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मलाही उत्तर ऐकायचं नव्हतं, कारण मला जोडीतला दुसरा डबा आठवला होता.

योगायोग, असं मी वाटभर स्वतःला बजावत होतो. तरी स्कूटर दवाखान्याकडेच गेली. डॉक्टर दोन रुग्णांच्या मध्ये हात धूत होते.

"कशी चाललीय गाडी?" मी विचारलं.

"झकास! फक्त ते थंड करायचं प्रकरण बायकोला पसंत नाही." ते हसले. "काल जेवायला घरी गेलो, खाली गाडी चालू ठेवून बसलो होतो. वर गेलो तर म्हणते, पाहुण्याला गाडीतच का बसवून ठेवलंस? मी म्हटलं, कुठला पाहुणा? तर म्हणे, गॅलरीतून दिसला. शेजारच्या सीटवर, वर आमच्या खिडक्यांकडे बघत होता. ओळखीचं घर शोधतात ना, तसा. आजही तेच. अहो, सीटचा डोक्याचा टेकू आहे तो. तिला चष्मा लागलाय, पण कबूल कोण करणार!"

मीही हसल्यासारखं केलं. डब्यात वेल्डिंगचा दोष सापडलाय, असं खोटंच सांगितलं. दुसरा, याहून चांगला फुकट बसवून देतो म्हटलं आणि किल्ली मागितली. मी खोटं बोलतो आहे हे त्यांना कळलं असावं. पण माझा चेहरा बघून त्यांनी किल्ली काढून दिली.

दुकान डावीकडे होतं. मी गाडी उजवीकडे घेतली.

रस्त्याला लख्ख ऊन होतं. मी शेजारच्या सीटकडे पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच, पण पाहिलं नाही. एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा शेजारच्या सीटच्या बाजूला जास्त दबली. जुन्या स्प्रिंगा असतील.

कोपऱ्यावर आवाज गिळल्यासारखा झाला. मी खिडकीखाली गाडी लावली आणि इंजिन चालू ठेवलं.

दादाची गाडी समोरच्या झाडाखाली उभी होती. थंड, बंद. बाई दारात आल्या. या परक्या गाडीकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी हातानंच त्यांना आत जा म्हटलं.

खिडकीत आई सरळ झाल्या होत्या.

"ताट आण," त्या म्हणाल्या.

बाईंनी ताट आणलं. आईंनी ते चाचपून जवळ ओढलं, पण घास घेतला नाही. त्या थांबल्या होत्या. तापमानाचा काटा खाली आला, इंजिन शांत धडधडत होतं. मी किल्लीकडे हात नेला.

"थांब जरा," खिडकीतून मला म्हणाल्या. "त्याला उतरू दे."

मी हात मागे घेतला. मग त्यांनी आवाज बदलला. लेकराला हाक मारायचा आवाज.

"ये रे. घर आलं."

दार उघडलं नाही. काहीच वाजलं नाही. फक्त गाडीची पलीकडची बाजू अलगद वर आली, शेजारचा माणूस उतरल्यावर येते तेवढीच.